चारच्या कळीवरचा रुपया



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी बोलणार आहे तो संगणकाच्या कळफलकावर. त्यातही, त्या कळफलकावर जी सहजी सापडत नाहीत, जी उमटविण्यासाठी दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबाव्या लागतात आणि ज्यांना ‘विशेष चिन्हे’ असे भारदस्त नाव दिलेले आहे, त्या चिन्हांच्या इतिहासावर. मी तंत्रज्ञ नव्हे. दहावीनंतर कारखान्यात लागलो. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीतल्या जुन्या टंकलेखन यंत्रासमोर बसून. तेव्हा या विषयाकडे मी पाहणार आहे ते व्यवहाराच्या बाजूने.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर कळफलकावरची चारची कळ पाहावी. चारच्या आकड्यावर डॉलरचे चिन्ह छापलेले दिसेल. आपण पगार रुपयांत घेतो, कर रुपयांत भरतो, भाजी रुपयांत आणतो. पण आपल्या घरातल्या बहुतेक कळफलकांवर एका बोटाने, शिफ्ट दाबून उमटतो तो डॉलर. रुपयाही त्याच कळीवर आहे. पण त्यासाठी उजव्या हाताची ऑल्टची कळ धरून चार दाबावा लागतो, आणि तेही यंत्रात भारतीय मांडणी बसविलेली असेल तर. कळीवर त्याची खूण बहुधा छापलेलीही नसते. एक पाहुणा दिवाणखान्यात बसला आहे आणि घरचा मनुष्य माळ्यावर आहे, असा हा प्रकार.

हे असे का झाले? कोणी कट केला म्हणून नव्हे. ज्या वेळी जागांची वाटणी झाली त्या वेळी जो हजर होता त्याला जागा मिळाली, आणि जो नव्हता तो पुढे ‘विशेष’ ठरला. एवढीच गोष्ट मला आज इतिहासाच्या आधाराने सांगावयाची आहे.

प्रथम छापखान्याकडे पाहू. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या पेट्या असत. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे असा मोठा संसार. पण पेटीला खाने वाढविता येत. नवे अक्षर लागले, ओतविले, एक खाना आणखी केला, की काम झाले. जुळाऱ्याला चार पावले अधिक चालावे लागे. पण अक्षराला ‘तुला जागा नाही’ असे कोणी म्हणत नसे.

टंकलेखन यंत्राने ही स्थिती बदलली. अमेरिकेत मिलवॉकी येथील क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्याचे सहकारी यांनी १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७३ साली बंदुका आणि शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याशी करार झाला आणि १८७४ साली यंत्र बाजारात आले. या यंत्राला मोजक्या कळा. त्या किती ठेवावयाच्या हे माणसाच्या दहा बोटांनी आणि लोखंडी दांड्यांच्या गर्दीने ठरविले. त्यामुळे पहिल्या यंत्रात फक्त मोठी रोमन अक्षरे होती. लहान अक्षरे नव्हतीच. आकडे दोनपासून नऊपर्यंत. एक आणि शून्य यांना कळ नव्हती. एकाच्या जागी ‘आय’ हे अक्षर आणि शून्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर दाबून भागवावयाचे! १८७८ साली रेमिंग्टनच्या दुसऱ्या यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एका कळीवर दोन खुणा मावू लागल्या. एका खाटेवर दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोन गिरणी कामगार आळीपाळीने झोपत, तशीच ही सोय.

पुढे कित्येक वर्षे टंकलेखक आणि टंकलेखिका यांनी यंत्राची उणीव आपल्या हातांनी भरून काढली. उद्गारचिन्हाला कळ नसली तर आधी स्वल्पचिन्हासारखी वरची खूण उमटवावयाची, मग एक घर मागे यावयाचे आणि तिच्याखाली पूर्णविराम मारावयाचा. एकाचा आकडा नसला तर लहान ‘एल’. आपल्याकडच्या इंग्रजी कचेऱ्यांत रुपया म्हणजे ‘आर’, ‘एस’ आणि टिंब, मराठीत ‘रु.’. ही कसरत कोणत्याही पगारपत्रकात वेगळी मोजली गेली नाही. यंत्रात जागा नसलेल्या खुणेचा भार कोणाच्या तरी बोटांवर पडतो. हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

जागा कोणाला मिळाली तेही पाहण्यासारखे आहे. यंत्र विकत घेणार पेढीवाले, म्हणून पेढीच्या हिशेबाच्या खुणा आधी बसल्या. दराची खूण म्हणजे @ ही त्यांपैकी एक. ‘अमुक नग, तमुक दराने’ असे लिहिताना ती लागे. पुढे तिचे नशीब उघडले. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याला एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडावयाचा होता. मनुष्याचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याला अशी खूण हवी होती, की जी कोणाच्याही नावात येत नाही आणि जी कळफलकावर आयती आहे. त्याने ही दराची खूण निवडली. आज जगभर कोट्यवधी लोक तिच्यावाचून पत्र पाठवू शकत नाहीत. आणि आपण भारतीय लोक मात्र आपल्या पत्त्यातही तिला ‘ॲट द रेट’ म्हणून तिची जुनी पेढी अजून सांगत असतो. एकदा कळ मिळाली म्हणजे मूळचे काम संपल्यावरही ती खूण टिकते. ही कळीची किंमत आहे.

आता देवनागरीची गोष्ट. रोमन लिपीसाठी घडविलेल्या यंत्रात देवनागरी बसवावयाची म्हटल्यावर मोठा प्रश्न उभा राहिला. यंत्र मोठे करता येईना, तेव्हा लिपी लहान करा असे विचार निघाले. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली. ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या जागी ‘अ’लाच वेलांटी आणि उकार लावण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली आणि काही मराठी नियतकालिकांनी ती वर्षानुवर्षे वापरली. १९५३ साली लखनौ येथे लिपिसुधारणेची परिषद भरली. ऱ्हस्व इकाराची वेलांटी डाव्या बाजूला येते हे यंत्राला गैरसोयीचे. म्हणून ती उजवीकडे घ्यावी असा निर्णय तेथे झाला. तो निर्णय लोकांच्या हातात बसला नाही, आणि काही वर्षांतच तो सोडून द्यावा लागला. १९५५ साली गोदरेजने भारतात घडविलेले पहिले टंकलेखन यंत्र बाहेर काढले. पण मराठी यंत्रावर टंकलेखकाला वेलांटी आधी मारावी लागे आणि अक्षर मागून. म्हणजे तोंडाने ‘कि’ म्हणावयाचे आणि बोटाने आधी ‘इ’ लिहावयाची. हजारो मुलामुलींनी टंकलेखनाच्या वर्गांत हे अंगवळणी पाडून घेतले आणि त्यावर नोकऱ्या मिळविल्या. यंत्रासाठी माणसाने वाकावयाचे, अशी ती रीत होती.

यानंतर संगणक आला. संगणकाला अक्षर समजत नाही, त्याला फक्त आकडा समजतो. म्हणून प्रत्येक खुणेला एक क्रमांक द्यावा लागतो. कारखान्याच्या फाटकावर आपल्याला बिल्ला देतात तसा. १९६३ साली अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने अशा बिल्ल्यांचा एक तक्ता तयार केला. त्याला ‘आस्की’ म्हणतात. एकंदर जागा १२८. त्यांतल्या काही यंत्राला हुकूम देण्यासाठी राखून ठेवलेल्या. बाकीच्यांत रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. लहान रोमन अक्षरेसुद्धा १९६७ च्या आवृत्तीत पक्की झाली. डॉलरला ३६ क्रमांकाचा बिल्ला मिळाला, दराच्या खुणेला ६४. इंग्लंडच्या पौंडाला जागा नव्हती.

मग इतर देशांनी काय केले? तक्त्यातल्या काही जागा देशोदेशी बदलून घेण्याची सवलत पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणात देण्यात आली. इंग्रजांनी ‘#’ या खुणेच्या जागी आपला पौंड बसविला. स्वीडनच्या लोकांनी चौकटी आणि महिरपी कंस उठवून तेथे आपले जादा स्वर बसविले. त्याचा परिणाम असा, की तिकडच्या संगणकावर काम करणाऱ्याला आज्ञावलीत कंसाच्या जागी स्वर दिसत आणि तो मनातल्या मनात त्यांना कंस म्हणून वाचत असे. एकाच खाटेवर पुन्हा दोघे! आणि ज्यांची लिपीच वेगळी, त्या आपल्यासारख्यांना तर त्या १२८ जागांत शिरकावच नव्हता.

१९८१ साली आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक आला. त्यात तक्ता दुप्पट झाला, २५६ खुणा. कळफलक मात्र तेवढाच. ज्या खुणांना कळ नाही त्या उमटविण्यासाठी युक्ती अशी, की ऑल्टची कळ दाबून धरावयाची आणि उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर त्या खुणेचा क्रमांक टिपावयाचा. कचेऱ्यांतून टेबलाच्या काचेखाली अशा क्रमांकांची चिठ्ठी सरकवून ठेवलेली मी पाहिली आहे. आता त्या तक्त्यातले पाच क्रमांक आपण वाचू. १५५ वर सेंट, १५६ वर पौंड, १५७ वर येन, १५८ वर स्पेनचा पेसेटा आणि १५९ वर हॉलंडच्या गिल्डरसाठी वापरले जाणारे चिन्ह. पाच नाण्यांना पाच बिल्ले. रुपया नाही. कोणी म्हणेल, रुपयाला तेव्हा एकच एक चिन्ह कोठे होते? ते खरे आहे. पण पेसेट्याची खूण म्हणजे तरी दोन-तीन अक्षरे एकत्र दाबून केलेली जुडीच होती. ज्या बाजारात यंत्रे विकावयाची होती त्या बाजाराचे नाणे आत आले. आपला बाजार तेव्हा त्या हिशेबात नव्हता.

हिशेबात नसलेला हिशेबात कसा येतो, याची दोन उदाहरणे परदेशांतली देतो. पहिले स्पेनचे. स्पॅनिश भाषेत ‘एन’ या अक्षरावर लाटेसारखी खूण असलेले एक स्वतंत्र अक्षर आहे. ‘एस्पान्या’ हे त्या देशाचे नावसुद्धा त्याच्यावाचून लिहिता येत नाही. हे अक्षर नसलेले कळफलक विकण्यास स्पेनमध्ये बंदी होती. १९९१ साली युरोपीय समुदायाने हरकत घेतली, की हा मुक्त व्यापारात अडथळा आहे. त्यावर स्पेनमधल्या साहित्यिकांनी, भाषेच्या अकादमीने आणि सामान्य लोकांनी एवढा गहजब केला, की सरकारने १९९३ साली हुकूम काढून, संस्कृतिरक्षणाच्या कलमाचा आधार घेऊन ते अक्षर कळफलकावर कायम ठेवले. दुसरे उदाहरण युरो नाण्याचे. त्याचे चिन्ह १९९६ साली जाहीर झाले, १९९९ साली हिशेबात आणि २००२ साली नोटा-नाण्यांच्या रूपाने चलन लोकांच्या हातात आले. तोवर यंत्रांत त्याची सोय झालेली होती. जर्मनीत ते ‘ई’च्या कळीवर बसले, इंग्लंडमध्ये चारच्या. एका अक्षरामागे एक भाषिक समाज उभा राहिला. एका नाण्यामागे अनेक सरकारे. दोघांनाही जागा मिळाली.

आपल्या देशातही स्वस्थ बसलेले नव्हते. आय. आय. टी. कानपूरला भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोलाचे काम झाले. १९८८ साली पुण्यात निघालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी ठरविली: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच बैठक. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा आपला तक्ता प्रमाण म्हणून जाहीर केला. या लोकांनी एक मोठी गोष्ट केली. अक्षरे ज्या क्रमाने उच्चारतो त्या क्रमाने टिपावयाची. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवणे हे यंत्राचे काम. १९५३ साली ज्या अडचणीपायी लिपी बदलावयास निघालो होतो, ती अडचण लिपीला हात न लावता सुटली. जेथे माणूस वाकत होता तेथे यंत्राला वाकविले. याचे श्रेय त्या अभियंत्यांना दिले पाहिजे. १९९१ सालीच ‘युनिकोड’ हा सर्व जगाच्या लिप्यांचा सामाईक तक्ता प्रसिद्ध झाला आणि त्यातली देवनागरी इस्कीच्या पायावरच मांडली गेली.

आता रुपयाकडे येऊ. २००९ साली भारत सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांवर नमुने आले. त्यांतून पाच निवडले गेले, आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह मान्य केले. ते त्या वेळी पवईच्या आय. आय. टी.त संशोधक विद्यार्थी होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा संगम, वर शिरोरेषा: ₹. चिन्ह ठरले, पण ते लिहावयाचे कसे? त्याच महिन्यात मंगळूरच्या एका कंपनीने एक फाँट काढला. त्यात कळफलकाच्या कोपऱ्यातली एक क्वचित लागणारी खूण उठवून तिच्या जागी रुपयाचे चित्र बसविले होते. लोकांनी तो हौसेने उतरवून घेतला. पण ज्याच्या यंत्रात तो फाँट नाही त्याला रुपयाच्या जागी ती जुनी खूणच दिसे.

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत हे आपणांस माहीत आहे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. तो आला की हा फाटकाबाहेर. स्वतःचा क्रमांक नसलेल्या चिन्हाची तीच गत होते. रुपयाला कायम करावयाचे तर त्याला स्वतःचा बिल्ला पाहिजे होता. तो ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत मिळाला: क्रमांक ८३७७. जुलैत मान्यता आणि ऑक्टोबरात बिल्ला. तीन महिनेही लागले नाहीत. २०११ साली नाण्यांवर चिन्ह आले, संगणकांच्या प्रणालींत त्याची भर पडली आणि चारच्या कळीवर, डॉलरच्या मागे का होईना, त्याला जागा झाली. एखादी मागणी सरकारने मनावर घेतली म्हणजे ती किती लवकर मार्गी लागते, याचा हा नमुना होय.

रुपयाने बदली कामगारासारखे काढले ते तीन महिने. मराठी अक्षरांनी त्याच रीतीने वीस-वीस वर्षे काढली. १९९० च्या दशकात आणि पुढेही पुष्कळ वर्षे आपण जे मराठी फाँट वापरीत होतो, त्यांत ‘क’, ‘ख’, ‘ग’ ही अक्षरे रोमन अक्षरांच्या बिल्ल्यावर काम करीत. पडद्यावर मराठी, यंत्राच्या पोटात इंग्रजी. एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. वेतनकराराच्या थकबाकीसाठी कामगारांच्या नावांची मराठी यादी अशा जुन्या फाँटात केलेली होती. कंपनीने संगणक बदलले. यादी उघडली तर नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा! कागदी प्रतीवरून सगळी नावे पुन्हा टिपली गेली. टिपणाऱ्या मुलीला दोन रात्री थांबावे लागले, आणि त्या घाईत काहींच्या आडनावांची अक्षरे बदलली. बँकेतले नाव एक आणि यादीतले दुसरे, एवढ्या कारणाने त्या माणसांची थकबाकी कित्येक महिने अडकून पडली. त्यांतला एक जण मला म्हणाला, “साहेब, मी तीस वर्षे याच गेटातून आत जातो. आता मीच मी आहे, हे कागद आणून दाखवायचं होय?” त्या दिवसापासून अक्षरांचे क्रमांक हा विषय मी संघटनेच्या कामातलाच समजतो.

शेवटी आपल्या मराठीतल्या दोन खुणांबद्दल बोलतो. पहिली म्हणजे ‘ऱ्य’मधली ती आडवी चंद्रकोर. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोरी. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. ही खूण चुकली तर हिशेब या घरातून त्या घरात जातो. इन्स्क्रिप्ट मांडणीत हा फरक एका शिफ्टचा आहे: इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे, शिफ्ट धरून तीच कळ दाबली, मग पाय मोडण्याची कळ आणि मग ‘य’, की ‘ऱ्य’ उमटते. ज्यांना हे कोणी शिकविले नाही ते ‘र्य’ लिहून मोकळे होतात. भरीस भर अशी, की ही खूण उमटविण्याचा आणखीही एक मार्ग तक्त्यात आहे. दोन्ही मार्गांनी लिहिलेले दिसते अगदी सारखे, पण यंत्राच्या पोटात नोंद वेगळी होते. त्यामुळे एका रीतीने टिपलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधावयास गेले तर पुष्कळदा सापडतच नाही. आता ही खूण कोणकोणत्या शब्दांत येते ते पाहा: शेतकऱ्यांचा, कामकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा, वारकऱ्यांचा, नोकऱ्या. अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावातही ती आहे, म्हणून निदान या एका मागणीवर सर्वांची एकजूट व्हावयास हरकत नाही.

दुसरी खूण ‘ॲ’. ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲडव्होकेट’ हे शब्द आपण रोज लिहितो. युनिकोडच्या १९९१ च्या तक्त्यात या मराठी अक्षराला जागा नव्हती. ‘ए’वर चंद्र दिलेले हिंदी वळणाचे अक्षर तेवढे होते, आणि आपण तेच चालवून घेत होतो. ‘ॲ’ला स्वतःचा बिल्ला मिळाला तो २००८ साली. २००९ साली महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमाला ठरविताना ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांत स्थान दिले. म्हणजे रुपयाला तीन महिने आणि ‘ॲ’ला सतरा वर्षे. अक्षर दोघांचेही एकेकच. फरक पडला तो पाठीमागे कोण उभे होते याचा.

कोणी म्हणेल, आता एवढा घोळ कशाला? मोबाइलवर बोट दाबून धरले की हवी ती खूण वर येते. तोंडाने बोलले तरी यंत्र लिहून घेते. आक्षेप खोटा नाही. सोय झाली आहे, आणि ती सामान्य माणसाच्या उपयोगी पडली आहे. परंतु बोट दाबून धरल्यावर खूण वर येते, ती आधी तक्त्यात असते म्हणूनच. कोणत्याही चिन्हाला तीन गोष्टी लागतात: तक्त्यात क्रमांक, फाँटमध्ये आकार आणि कळफलकावर वाट. तिहींपैकी एक नसली तरी ते चिन्ह कागदावर येत नाही. आणि चौथी गोष्ट म्हणजे ती वाट लोकांना शिकविलेली असणे. नोकरीत जागा मंजूर आहे, पण जाहिरातच निघाली नाही, तर उमेदवाराला तिचा उपयोग काय?

म्हणून जाता जाता तीन सूचना करतो. आपल्यापैकी अनेकजण पतपेढीत, शाळेत, नगरपालिकेत, सहकारी संस्थेत काम करतात. नोंदीची नवी संगणक प्रणाली विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक वाक्य टिपून, छापून आणि शोधून दाखवावयास सांगा. त्यात एक ‘ऱ्य’ असावा, एक ‘ॲ’, एक ‘ळ’ आणि एक ₹. जे यंत्र हे करू शकत नाही ते आपल्या कामाचे नव्हे. दुसरे, शाळांतून संगणक शिकविताना मराठी मांडणी शिकविली जावी; ती शिकावयास काही आठवडे पुरतात. आणि तिसरे, नाव चुकीचे छापून आले तर ‘चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नका. लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. स्पेनच्या लोकांनी एका अक्षरासाठी सरकारला हुकूम काढावयास लावले. आपल्याला निदान एक अर्ज तरी करता आला पाहिजे.